डोळा परत आला तेव्हा

रोहणा गावी आमच्या अंगणात बायको सुपात तूर पाखडत होती. मधेच थांबून म्हणाली, "अवो, डाव्या डोळ्यानं काईच नाई दिसून राह्यलं. पडदा पडल्यावानी झालं."

मी पेपरातून मान वर केली नाही. "पित्त असन. जराशी पडून राय," म्हणालो. दहा मिनिटांत दिसायला लागलं आणि तिनं पुन्हा सूप हाती घेतलं.

तीस वर्षं शाळेत शिकवलं, पण डोळा म्हटलं की मला चष्माच सुचला. दुसऱ्या दिवशी तिला एसटीनं आर्वीला चष्म्याच्या दुकानात नेलं. दुकानदार म्हणाला, नंबर तोच आहे.

"डॉक्टरले दाखवाचं का?" तिनं विचारलं.

"आता दिसते ना? मंग कायले?" मी खेकसलो. मग स्टँडवर आम्ही खुशीत समोसे खाल्ले.

आठवड्यानं तिचा उजवा हात लुळा पडला, वाचा गेली. वर्ध्याच्या डॉक्टरांनी विचारलं, आधी डोळ्याला काही झालं होतं का? मी सांगितलं. ते म्हणाले, "गुरुजी, तो लकव्याचा इशारा होता. पाच मिनिटं जरी दिसेनासं झालं, तरी त्याच वेळी दवाखाना गाठायचा असतो. परत दिसलं म्हणून थांबायचं नसतं."

तिला आजही दोन्ही डोळ्यांनी नीट दिसतं. मी घास भरवतो तेव्हा ती माझ्याकडे टक लावून बघते. एकदा तरी तिनं माझ्यावर खेकसावं, असं फार वाटतं. ती नुसती बघते.