बिनचिठ्ठीची पेटी

पुडीशेठांना थाप मारायला कारण लागत नसे. समोर दोन कान असले की भागायचं. रबराच्या रिंगा बनवणाऱ्या कारखान्यात ते स्टोअरकीपर होते, पण त्यांच्या तोंडून ऐकणाऱ्याला वाटावं, मालकालाच यांनी नोकरीवर ठेवलंय. त्यांची पुडी सुटली की गल्ली ती मन लावून ऐकायची, मग निम्मी वजा करायची आणि उरलेल्या निम्मीवर हसायची. थापेनं कुणाचा केसही वाकडा होत नाही, असं पुडीशेठांचं प्रामाणिक मत होतं. प्रामाणिक म्हणावं असं त्यांच्यापाशी तेवढंच होतं.

ही वजाबाकी न येणारं माणूस नेमकं घरात होतं. वहिनी, थोरल्या भावाची बायको. सासू गेली तेव्हा हा दीर शाळेत होता. तेव्हापासून त्याचं दुखणंखुपणं, त्याचा डबा आणि त्याच्या थापा वहिनींनीच सांभाळल्या. पुडीशेठांनी लग्न केलं नाही. "मनासारखी मुलगी मिळाली नाही," असं ते सांगत. मुलींचं म्हणणं कुणी विचारलं नाही.

वहिनी त्याच कारखान्यात तपासणीच्या टेबलावर होत्या. तयार रिंग दोन बोटांवर ताणायची, उजेडाकडे धरून फिरवायची, चीर नसली तर आतल्या कडेला रंगाचा ठिपका द्यायचा. प्रत्येकीचा रंग वेगळा. पिवळा ठिपका म्हणजे वहिनी.

आता थापेची गोष्ट. एका लग्नात कुणा लांबच्या आत्यानं वहिनींना विचारलं, "तू काय करतेस गं?"

"रबराच्या रिंगा तपासते."

"अगं बाई, हो का?" म्हणत आत्यानं असं काही नाक मुरडलं, की शेजारी जेवणाऱ्या पुडीशेठांच्या घशात घास अडकला. तो गिळून ते पुढे सरसावले. "साध्यासुध्या नव्हेत हं, आत्या. ते यान जाणार आहे ना अंतराळात? त्याच्या दाराला वहिनींच्या हातची रिंग आहे."

आत्याचं नाक जागेवर आलं. घरी परतताना वहिनींनी हळूच विचारलं, "भावजी, खरं?"

इथं हसून मोकळं व्हायला हवं होतं. पण वहिनींचा चेहरा असा उजळला होता, की पुडीशेठांना तो दिवा विझवणं जमेना. आवाज खाली आणून ते म्हणाले, "कुठं बोलू नका. मागे तुम्ही तपासून दिलेली ती बिनचिठ्ठीची पेटी आठवते? उगाच का तिच्यावर पत्ता नव्हता?"

कुठं बोलू नका, असं सांगितल्यामुळे गल्लीभर झालं, अर्थात पुडीशेठांच्याच तोंडून. यान वर गेलं त्या दिवशी लोक वहिनींना येऊन भेटून गेले. आणि पुढच्याच आठवड्यात बातमी आली: कसलासा खडा आपटून यानाला इजा झाली आहे, दाराच्या कडेनं हवा गळते आहे, आत तिघं आहेत आणि परतीचा भरवसा देता येत नाही.

सगळ्या गावाचा जीव टांगणीला लागला. न्हावी बातम्या लागल्या की अर्ध्या दाढीवर वस्तरा थांबवायचा. कंडक्टर तिकिटाबरोबर यानाचीही खबर द्यायचा. आणि गल्ली रोज संध्याकाळी वहिनींच्या बाहेरच्या खोलीत टीव्हीपुढं जमायची, कारण यानाचे जवळचे नातेवाईक म्हणाल तर हेच घर. आजाऱ्याला भेटायला यावं तशी माणसं येत, चपला दाराबाहेर नीट लावत आणि हळू बोलत.

"हवा दाराकडूनच जातेय म्हणे," पेन्शनर हेडमास्तर चष्मा पुसत म्हणाले. "म्हणजे रिंगच."

सगळ्यांनी वहिनींकडे पाहिलं.

वहिनींचं जेवण सुटलं. एकदा स्वयंपाकघरात त्या पुडीशेठांना म्हणाल्या, "भावजी, तुमच्या दादालाही सांगितलं नाही, तुम्हाला सांगते. त्या पेटीच्या दिवशी धाकटीला ताप होता. माझे डोळे मिटत होते. शेवटच्या मूठभर रिंगा मी बघितल्याच नाहीत. नुसते ठिपके दिले." हातातलं पातेलं त्यांनी इतक्या हळू खाली ठेवलं, जणू आवाज झाला तर वर काही फुटेल. "तिघांनाही मुलं आहेत हो. टीव्हीवर दाखवली."

पुडीशेठ तोंड उघडायला गेले, आणि आयुष्यात पहिल्यांदा तिथून काही बाहेर आलं नाही. त्यांनी हिशेब केला: यान सुखरूप उतरलं की प्रश्नच मिटला, सांगायची गरजच नाही. मग तेही हात जोडून बसू लागले. सगळी गल्ली तिघांसाठी प्रार्थना करत होती. हे गृहस्थ चौथ्यासाठी करत होते. हे त्यांचं त्यांनाच कळलं तेव्हा घशात पुन्हा तो लग्नातला घास अडकला. या खेपेला तो गिळला जाईना.

यान उतरायचा दिवस उजाडला. वहिनींनी चहासुद्धा घेतला नाही. पुडीशेठ स्वयंपाकघराच्या दारात उभे राहिले आणि एका दमात म्हणाले, "वहिनी, ती थाप होती. यान नाही, रिंग नाही, काही नाही. ती पेटी इथल्याच डेअरीला गेली, म्हणून चिठ्ठी नव्हती. दुधाच्या कॅनच्या झाकणांना."

वहिनींच्या डोळ्यांत पाणी आलं. "किती चांगलं मन हो तुमचं, भावजी! माझ्यासाठी खोटं बोलताय."

"खोटं नाही! खोटं आधी बोललो होतो! हे खरं आहे!"

"असू दे. बसा, पोळी गरम आहे." आणि त्यांनी तूप जास्त घातलं.

ती पोळी पुडीशेठांनी कशी खाल्ली ते त्यांनाच ठाऊक. शेवटी त्यांनी सायकल काढली, वहिनींना "चला म्हणतो ना!" म्हणून जवळजवळ ओढत मागं बसवलं आणि थेट डेअरी गाठली. डेअरीवाला कॅन विसळत होता. पुडीशेठांनी एक झाकण हिसकून उलटं केलं. रिंगेच्या आतल्या कडेला पिवळा ठिपका. दुसरं उलटं केलं. पिवळा ठिपका.

"रिंगा फार चांगल्या हं तुमच्या," डेअरीवाला म्हणाला. "एकच फाटकी निघाली होती. अर्धा कॅन रस्त्यात सांडला. मांजरांची चंगळ झाली."

वहिनी झाकण हातात धरून उभ्या राहिल्या. आधी त्यांना हसू फुटलं. मग ते हळूहळू ओसरलं आणि त्यांनी दिराकडे पाहिलं.

"मी रोज तिघांना मारत होते, भावजी. रात्रंदिवस. आणि तुम्ही समोर बसून जेवत होतात."

पुडीशेठ मान खाली घालून सायकलची घंटी पुसत राहिले.

"आता मला सांगितलंत, तसं सगळ्यांना सांगा."

परतताना त्या मागं बसल्या नाहीत. चालत आल्या. पुडीशेठ सायकल हातात धरून चार पावलं मागं.

खोली गच्च भरली होती. यान खाली यायला निघालं होतं. पुडीशेठ टीव्हीसमोर जाऊन उभे राहिले. "मंडळी, मला एक सांगायचंय..."

"बाजूला हो रे!"

"शेठ, तुमची पुडी नंतर!"

"ती रिंग आपली नाही..."

"अहो, पडद्यावरून हला आधी!" हेडमास्तरांनी त्यांचा सदरा धरून त्यांना खाली बसवलं. पुडीशेठांनी समोरच्या पाठींना सगळं सांगून टाकलं, डेअरीसकट. एकाही पाठीनं ऐकलं नाही.

वहिनी भिंतीला टेकून उभ्या होत्या. रोज त्यांच्या मुठी आवळलेल्या असत, आज हात नुसते जोडलेले होते. इतरांसारखीच त्यांना त्या तिघांची काळजी वाटत होती, नुसती काळजी. खाली येताना यानाशी संपर्क तुटला तेव्हा खोलीनं श्वास रोखला. संपर्क पुन्हा जुळला, पॅराशूट उघडली, यान पाण्यावर तरंगलं आणि खोलीत जो काही कल्लोळ झाला, त्यात कोण कुणाच्या गळ्यात पडत होतं ते कळेना. पुडीशेठही रडले, यावेळी तिघांसाठीच.

"टिकली!" न्हाव्यानं आरोळी ठोकली. "आपली रिंग टिकली!"

"शेठ, मानलं तुम्हाला!" हेडमास्तरांनी त्यांच्या पाठीत अशी थाप मारली, की टोपी उडाली. "गप्प! गप्प बसा सगळे! आता दार उघडणार. वहिनी, पुढं या, तुमची रिंग दिसेल!"

यानाभोवती माणसं जमली होती. दाराच्या कडीला कुणीतरी हात घातला. सगळ्या माना पुढं झाल्या. वहिनी पुढं आल्या नाहीत. त्या भिंतीपाशीच राहिल्या आणि त्यांनी पुडीशेठांकडे पाहिलं. रागानं नाही, डबा विसरून निघालेल्या मुलाकडे पाहावं तसं.

पुडीशेठ उठले, गर्दीतून वाट काढत भिंतीपाशी गेले आणि त्यांनी टीव्हीचा प्लग ओढून काढला.

सगळी गल्ली एकदम त्यांच्याकडे वळली. आता पाठ कुणाचीच नव्हती.

"ती पेटी," पुडीशेठ म्हणाले, "डेअरीला गेली होती."