तिसऱ्या खेपेचा अर्ज

कोर्टाच्या खिडकीमागच्या कारकूनबाई वीस वर्षं कैद्यांचे अर्ज तपासत होत्या. वकील नसला की माणूस स्वतःच लिहितो, आणि स्वतः लिहिलं की काहीतरी राहतंच. राहिलं की अर्ज परत. नियम काही बाईंच्या काकांनी केले नव्हते. त्यांना राग येत नसे, कीवही येत नसे.

एका कैद्याची नजर अधू होत चालली होती आणि तुरुंगवाले त्याला दवाखान्यात नेत नव्हते, एवढीच त्याची तक्रार. पहिल्यांदा दुसरी प्रत जोडलेली नव्हती. परत. तुरुंगात कुठलं आलंय झेरॉक्स? त्याने नऊच्या नऊ पानं पुन्हा हाताने उतरवून काढली, पण सही फक्त शेवटच्या पानावर केली, पानोपानी करायची राहिली. परत.

तिसऱ्या खेपेला सगळं चोख होतं. फक्त अक्षर दुसऱ्याच कुणाचं होतं, आणि सहीच्या जागी प्रत्येक पानावर अंगठा.

"घ्या की आता, बाई," शिपाई म्हणाला. "दिसत नसेल हो बिचाऱ्याला."

"मग तसं लिहून द्यायला नको का त्याने?"

बाईंनी पदराने चष्मा पुसला आणि शेरा लिहिला: सही आधीच्या अर्जाशी जुळत नाही.