सासूला दाखवायची जखम

माझ्या पोटात जखम निघावी म्हणून मी देवीला साकडं घातलं होतं. वज्रेश्वरीच्या पायऱ्या चढताना बाकीच्या बायका मूल मागत होत्या, घर मागत होत्या. मी म्हटलं, आई, उद्या डॉक्टर पोटात दुर्बीण टाकेल तेव्हा काहीतरी दिसू दे, आणि चांगलं मोठं दिसू दे.

कारण सासूने सगळ्या टेमघर गावात पसरवून ठेवलं होतं की मी ढोंगी आहे. रिकाम्या पोटी अशी कळ यायची की मी ओट्याच्या कडेला पोट दाबून उभी राहायचे. घाम फुटायचा. सासू मला ऐकू जाईल अशा बेताने शेजारणीला सांगायची, "पोटान काय न्हाय हिच्या. कामाचा कंटाला हाय."

घरामागेच आमचा कापड विणायच्या लूमचा कारखाना होता. नवरा आणि दोन दीर तो चालवायचे. लाइट असेपर्यंत लूम सोडून कोणी जेवायला येत नसे, आणि दोन हजार सालानंतरच्या त्या वर्षांत लाइट कधी जाईल याचा भरवसा नव्हता. लाइट गेली की तिघे येणार, त्यांच्यामागून सासू जेवणार, आणि सून सगळ्यांच्या शेवटी. भाकऱ्या टोपलीत निवत बसायच्या आणि मी त्यांच्याकडे बघत. एकदा तुकडा मोडून तोंडात टाकला तर सासूने हात धरला. "बाप्यांचे आदी खातंस?" तो हात मी अजून विसरले नाही, आणि विसरायचाही नाही.

शहरातल्या एका दवाखान्यात तेव्हा एक तरुण डॉक्टर संशोधन करत होता. पोटातली जखम कुठल्या गोळ्यांनी किती भरते हे त्याला बघायचं होतं. गोळ्यांआधी एकदा दुर्बीण टाकायची, गोळ्या संपल्या की पुन्हा एकदा. अभ्यासात नाव घातलं तर सगळं फुकट होतं, म्हणून नवरा मला घेऊन गेला.

घशात कडू फवारा मारला, जीभ बधिर झाली. डाव्या कुशीवर निजवून दातांत प्लास्टिकचं कडं दिलं आणि त्यातून ती काळी नळी आत गेली. उमासे येत होते, डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण समोरच्या टीव्हीवरची नजर मी हलू दिली नाही. जठर संपून आतडं सुरू होतं तिथे ती होती. मधे पांढरट पिवळी, कडेने लालभडक. डॉक्टर म्हणाला, "झालं ताई, रडू नका." त्याला काय सांगणार, मी आनंदाने रडत होते!

नवरा दाराशीच उभा राहिला होता, त्याला रक्त बघवत नाही. घरी येऊन त्याने पुटपुटत सांगितलं, टीव्हीवर जखम दिसली म्हणून. सासू भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "टीवीन तं रोज बायका रडतान. त्या काय खऱ्या रडतान?"

त्याच क्षणी मी ठरवलं, हिलाच त्या टीव्हीपुढे बसवायचं.

पण डॉक्टरने मोठ्या उत्साहाने सांगितलं होतं की गोळ्या नीट घेतल्या तर पुढच्या वेळी जखम शोधूनही सापडणार नाही. म्हणजे सासूला एवढ्या लांब न्यायचं आणि दाखवायचं काय, स्वच्छ गुलाबी पोट? ती तिथेच फुगडी घालेल! मी गोळ्या पाकिटातून काढून मोरीत टाकू लागले आणि रिकामी पाकिटं शहाण्यासारखी जपून ठेवली. आपलं नाक कापून दुसऱ्याला अपशकुन करणारीला लोक मूर्ख म्हणतात. म्हणोत. कळ आली की मी ओटा घट्ट धरायचे आणि मनात म्हणायचे, वाढ बाई, वाढ.

दिवस ठरला तेव्हा मी सासूला सांगितलं की डॉक्टरांनी घरातलं मोठं माणूस बोलावलंय. मोठेपणाला ती कधी नाही म्हणाली नव्हती. ठेवणीतलं लुगडं नेसून, गळ्यात सोनं घालून निघाली.

"आजी, इथे बसा, घाबरू नका," म्हणत डॉक्टरने तिला टीव्हीसमोर स्टूल दिलं. नळी आत गेली. या वेळी मी पडद्याकडे पाहिलंच नाही, मी तिच्याकडे पाहत होते. तिचा पदर हळूहळू तोंडाशी गेला, डोळे मोठे झाले. डॉक्टर गोंधळून म्हणाला, "ही तर वाढलीय! गोळ्या घेतल्या ना?" तोंडात नळी असलेल्या माणसाला उत्तर द्यावं लागत नाही. माझ्या जन्मात मला इतकं सुख क्वचित झालंय.

ते सुख बाहेरच्या बाकड्यापर्यंतच टिकलं. तिथे टेमघरच्याच चारदोन बायका नंबर लावून बसल्या होत्या. सासूने कपाळावर हात मारला आणि सुरू झाली, "आगं बाय, एवरी मोठी जखम हाय पोटान! मी सोताचे डोल्यांनी बगली. रोगट पोर आमचे गल्यान बांदली हिच्या आईबापानी!" उचलली जीभ, लावली टाळ्याला. आणि माझी जीभ बधिर! बोलायला गेले तर नुसती लाळ गळली. गणेशपुरीत भात लावणारे माझे आईबाप, त्यांना ही फसवणारे ठरवत होती, आणि मला ओठ मिटता येत नव्हते. रिक्षात मी तिच्याकडे पाठ करून बसले.

मग घर जवळ येता येता डोक्यात उजेड पडला. बाई काय बोलून बसली होती! चार बायकांसमोर, स्वतःच्या डोळ्यांची साक्ष काढून.

घरी आले. लाइट होती, मागे लूम धडधडत होते. मी पीठ मळलं, पहिली भाकरी तव्यावरून सरळ ताटात घेतली, वर वरण ओतलं आणि स्वयंपाकघराच्या मधोमध मांडी घालून बसले. सासू आली. "बाप्यांचे आदी?"

जीभ आता जागेवर होती. म्हटलं, "मी रोगट हाय ना, आई? तुम्हीच बघितलं. डॉक्टर बोलला, उपाशी राहायचं न्हाय. रोगी सुनेला उपाशी ठेवतात असं गावात नको व्हायला."

ती पदर खोचून मागे लूमकडे निघून गेली. मी सावकाश, एकेक घास चावून जेवले. दुसरी भाकरीही घेतली.

पुढच्या खेपेला मी डॉक्टरला खरं सांगितलं. तो चिडला, माझं नाव अभ्यासातून काढलं, पण गोळ्या पुन्हा दिल्या. या वेळी त्या मी जेवणासोबत नेमाने घेतल्या. काही महिन्यांनी त्याने शेवटची दुर्बीण टाकली. पडद्यावर जखमेचा मागमूस नव्हता. "घरी सांगा, सगळ्यांना आनंद होईल," तो म्हणाला.

दारातच सासूने विचारलं, "भरली का?"

मी पोटावर हात ठेवला, "न्हाय," म्हटलं आणि आधी माझं ताट वाढून घेतलं.