निवू द्या

"निवू द्या," असं म्हणून त्या हातातला चहाचा कप बाकाच्या टोकाशी ठेवून द्यायच्या. मग छत्री मिटून मांडीवर आडवी घ्यायच्या आणि आमच्याकडे वळून म्हणायच्या, "हं, बोला."

हे 'बोला' त्यांच्या नोकरीतून आलेलं होतं. नाशिकच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये त्या आयुष्यभर ऑपरेटर होत्या. ट्रंक कॉल जोडून दिला की 'बोला' म्हणायचं आणि आपण बाजूला व्हायचं. एक्स्चेंज बदललं, त्या निवृत्त झाल्या, नवरा गेला, मुलगा पुण्याला स्थायिक झाला. तो शब्द मात्र सुटला नाही. चहा निवेपर्यंत आम्ही बोलायचं आणि त्यांनी ऐकायचं, असा आमच्या बाकावरचा रिवाजच होऊन गेला.

तुमच्याही सकाळच्या फिरण्याच्या वाटेवर असं एखादं माणूस असेल. त्याच्या सवयी आपल्याला पाठ असतात, पण त्या तशा का, हे आपण कधी विचारत नाही. गंगापूर रोडजवळच्या आमच्या जॉगिंग ट्रॅकवर त्या होत्या. ऊन वर यायच्या आधीच छत्री उघडायच्या. निफाडकडून बोचरं वारं सुटलं की डोळे तेवढे उघडे ठेवून सगळा चेहरा सुती ओढणीत गुंडाळायच्या. चेहऱ्याला काहीतरी पांढरं फासलेलं असायचं, ते नीट मिसळलेलं नसायचं. आणि त्याच्या खालून दोन्ही गाल आणि नाक तांबूस दिसायचं, कधीकधी चांगलं लालभडक.

"बाईंचे नखरे लय," असं आहेरनाना म्हणायचे. नाना मूळचे निफाडकडचे द्राक्षबागायतदार. बाग मुलांच्या हाती सोपवून नातवंडांच्या शाळेसाठी नाशकात राहायला आलेले. मनाने मोठे, तोंडाने त्याहून मोठे. एकदा ते बाईंसाठी घरची कोरफड घेऊन आले. "ह्यात हळद अन् लिंबू पिळा, चार दिवसांत तोंड लख्ख व्हतं बघा." बाईंनी कोरफड घेतली, आभार मानले आणि म्हणाल्या, "कुंडीत लावते, नाना. जगेल तिथं."

आता माझ्याबद्दल. मी ओझरच्या विमान कारखान्यात तपासणी विभागात होतो. पत्र्यावरची केसाएवढी चीर, रिव्हेटचा किंचित वाकलेला माथा, असं काही नजरेतून सुटू द्यायचं नाही, हे माझं काम. निवृत्तीनंतरही मला असंच वाटत राहिलं, की एखाद्या गोष्टीकडे नीट पाहिलं की ती आपल्याला कळते.

मी ट्रॅकवर थोडा उशिरा पोचायचो. तोवर बाईंच्या फेऱ्या संपलेल्या असत. मी बाकाजवळ आलो की त्यांचा चेहरा लाल झालेला असायचा. एकदा नाना मोठ्यानं म्हणाले, "साहेब आले, अन् बाई लाल झाल्या!" बाई हसल्या, ओढणी सारखी केली आणि आणखी लाल झाल्या.

माझी पत्नी जाऊन तेव्हा पाच वर्षं झाली होती. त्या वयात त्या एका वाक्याने माझं काय झालं, ते लिहायला लाज वाटते. पण सरळच सांगतो. दुसऱ्या दिवशी मी मिशीला कलप लावला. कपाटातला, मुलीने दिलेला आणि कधी न घातलेला निळा टी-शर्ट काढला. रोज बाकाकडे जाताना मी लांबूनच त्यांचा चेहरा बघायचो. लाल दिसला की दिवस बरा जायचा.

त्या मात्र मला बघत नव्हत्या, ऐकत होत्या. "आवाज बसलाय आज. रात्री पंखा लावून झोपलात ना?" मी खरोखरच तसा झोपलेलो असायचो. एका सकाळी मी नेहमीसारखं "काय म्हणता?" एवढंच म्हटलं. त्या म्हणाल्या, "आज कुणाची तरी आठवण आलीये तुम्हाला." पत्नीची तिथी होती. मी ते कुणालाही सांगितलं नव्हतं. त्या दिवशी त्यांनी 'बोला' म्हटलं नाही. आम्ही दोघं नुसते बसून राहिलो. त्यांचा चहा निवला, माझाही निवला.

दिवाळीनंतरच्या एका रविवारी आमचा सगळा घोळका मखमलाबादच्या बाजूला मिसळ खायला गेला. बाई नाहीच म्हणत होत्या. मी आग्रह केला, म्हणून आल्या. बागेत टेबलं मांडलेली होती. त्यांनी सावलीतली खुर्ची शोधली आणि वाढणाऱ्याला सांगितलं, "मला नुसती मटकी आणि दही. रस्सा नको."

"अहो बाई, हे काय दवाखान्यातलं जेवण हाय का?" नाना ओरडले. "नाशिकात ऱ्हाऊन रस्सा नाय?"

सगळे हसले. मी रश्श्याचं भांडं उचललं. काळा, तवंग आलेला, वाफाळता रस्सा होता. "माझ्या हातून थोडासा," असं म्हणून मी तो त्यांच्या ताटलीत ओतलाच.

त्यांनी ताटलीकडे पाहिलं. मग माझ्याकडे. "बरं," म्हणाल्या. आणि खाल्लं. दोन-तीन घास, अगदी सावकाश.

पाहता पाहता त्यांचा चेहरा पेटला. गाल, नाक, कपाळ, सगळंच. डोळ्यांत पाणी आलं. नाना म्हणाले, "बाई, रस्सा चढला जणू!"

यावर मी जे बोललो, त्यासाठी हे लिहायला बसलो आहे. मी म्हणालो, "रस्सा कुठला, नाना! हे रोजचंच आहे. मी समोर आलो की असंच होतं त्यांचं."

टेबलावर हशा पिकला. कुणीतरी टाळी दिली, ती मी घेतली. बाईंनी चमचा खाली ठेवला. ओढणीचं टोक गार पाण्यात बुडवून गालावर धरलं आणि बागेकडे बघत बसल्या. परत येताना गाडीत त्या ओढणी चेहऱ्यावर ओढून खिडकीकडे तोंड करून बसल्या. मला वाटलं, लाजल्या.

दुसऱ्या दिवशी त्या ट्रॅकवर आल्या नाहीत. पुढेही आल्या नाहीत. माझा विनोद मात्र ट्रॅकवरून नानांच्या घरी गेला, तिथून त्यांच्या सुनेच्या भिशीत, तिथून बाईंच्या सोसायटीत. जाताना वाढत गेला. मला ते कळत होतं. लोक मला हसून विचारायचे, "काय साहेब, छत्री कुठं गेली?" आणि मी नाही म्हणायच्या ऐवजी नुसता हसायचो. त्यांच्या घरी जावं, असं रोज मनात यायचं. तसाच रोज घरी यायचो.

होळीच्या थोडं आधी एका सकाळी बाकावर छत्री दिसली. मी जवळजवळ धावलोच. त्या एकट्याच होत्या. मी समोर उभा राहिलो आणि त्यांनी वर पाहिलं. चेहरा शांत होता. नाकाशी किंचित गुलाबी झाक, बाकी गव्हाळ, स्वच्छ. मला त्यांचा खरा रंगच माहीत नव्हता.

"बसा," त्या म्हणाल्या. "आज मी बोलते."

मग त्यांनी सांगितलं. रोझेशिया म्हणतात या आजाराला. चेहऱ्याच्या कातडीचा असतो. ऊन, बोचरं वारं, गरम चहा, तिखट, फार चालणं, कशानेही आग उसळते आणि चेहरा लाल होतो. ते पांढरं म्हणजे उन्हासाठीचं मलम. "तिशीपासून आहे. नुसती ॲलर्जी समजून मेडिकलमधून स्टिरॉइडची ट्यूब आणून लावायचे. लावली की बरं, सोडली की दुप्पट. त्या ट्यूबनेच वाटोळं केलं. कॉलेज रोडच्या डॉक्टरीणबाईंनी आधी ती बंद केली. आता साधा साबणसुद्धा लावत नाही. गोळ्या झाल्या, रात्रीचं जेल आहे, गेल्या महिन्यात दुसऱ्यांदा लेसर घेतलं. कायमचा जात नाही हा. सांभाळून राहायचं." मग हसल्या. "एक्स्चेंजमध्ये बरं होतं. तिथं चेहरा लागत नव्हता."

मी विचारलं, "म्हणजे त्या दिवशी मिसळीच्या..."

"आठवडाभर आग होत होती," त्या म्हणाल्या. "पण ते सोडा. मुलाचा फोन आला. 'आई, ट्रॅकवर कोण आहे?' असं विचारलं त्याने. या वयात मुलाला उत्तर द्यायला लागलं मला. आता पुण्याला घेऊन चाललाय. फ्लॅट भाड्याने दिला."

"माझ्यावर रागावलात?"

"खूप. पण रागानेही हे वाढतं हो. रागसुद्धा निववूनच घ्यावा लागतो." त्या उठल्या. "मला इथली सकाळ आवडायची. दिवसातला तेवढाच वेळ माझा होता."

माफी मागायला मी तोंड उघडलं. काहीतरी पुटपुटलोही. त्यांनी मान तिरकी करून ऐकून घेतलं, जसं खराब लाइनवरचं बोलणं ऐकावं. मग छत्री उघडली. जाता जाता थांबून म्हणाल्या, "आता चेहऱ्यावरून तुम्हाला काही कळायचं नाही हं. विचारावं लागेल."

मी म्हणालो, "जपून जा."

त्या गेल्यावर मी बाकावरच्या मंडळींना सगळं सांगितलं. आजार होता, लाजणं नव्हतं, मी उगाच मिरवलं. कुणी हसलं नाही. नाना बराच वेळ काठीने माती उकरत बसले. "मग तव्हाच का नाय वं तुमी थांबवलं आमाला?"

"मला बरं वाटत होतं, नाना."

"तोंडावर मारल्यागत बोललात," नाना म्हणाले, आणि घरी गेले. त्यांनी सुनेलाही सांगितलं असावं. पण हसू पोचतं तिथवर खुलासा पोचत नाही. म्हणून इथे लिहितो आहे. त्या सोसायटीतल्या कुणाच्या हाती हे पडलं तर वाचावं. त्या बाईंनी माझ्याकडे कधीही वावगं पाहिलं नाही. त्यांच्या गालांवर होता तो आजार होता, आणि तो त्या एकट्याने, कुणाला न सांगता सांभाळत होत्या.

इतकं लिहून मी सुटलो, असं वाटायला हवं. वाटत नाही. कारण आता रात्रंदिवस ती लाली नाही, ती ताटली डोळ्यांसमोर येते. रस्सा त्यांना चालत नव्हता. पुढे काय होणार, आठवडाभर काय सोसावं लागणार, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? नानांची कोरफड त्यांनी गोड बोलून कुंडीत लावली. मग मी वाढलेला रस्सा तेवढा का खाल्ला? ताटली बाजूला सरकवता आली असती. त्यांनी ताटलीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि 'बरं' म्हणाल्या. मी तेव्हा त्यांच्या गालांकडे बघत होतो. त्या 'बरं'चा आवाज कसा होता, ते मी कितीदा आठवून पाहतो. आठवत नाही.

होळीआधीच्या त्या सकाळी बाई ट्रॅकच्या वळणापर्यंत गेल्या आणि तिथं थांबल्या. ऊन अजून झाडांच्या वर आलं नव्हतं, तरी छत्री उघडी होती. त्यांनी ती एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर घेतली. वळून पाहिलं नाही, पण उभ्या होत्या. एक हाक मारली असती तर सहज ऐकू गेली असती; त्यांना तर नक्कीच.

मी बघत राहिलो.