बाटीचा आग्रह आणि अग्रलेखाचं इंग्रजी

चहा येईपर्यंत एक सांगून टाकतो. माझ्याच फजितीचं आहे, तेव्हा हसायला परवानगी मागू नका. फक्त मधेच 'खरंच का?' असं विचारू नका. खरंच आहे, आणि सांगताना अजूनही माझे कान गरम होतात.

मी बीए झालो तो बदनापूरहून रोज गाडीने जालन्याला येऊन-जाऊन. इंग्रजीत काठावर पास. पुढे नोकरीच्या परीक्षांसाठी जालन्यात एक क्लास लावला. तिथल्या सरांनी पहिल्याच दिवशी सांगितलं, "बातम्या वाचत बसू नका. बातमीत सोपे शब्द असतात. इंग्रजी पेपरचा अग्रलेख वाचा. राजकारण, अर्थकारण, वजनदार शब्द तिथं भेटतात. रोज पाठ करा."

मी पडलो आज्ञाधारक. बदनापूर स्टेशनवरचा पेपरवाला माझ्या एकट्यासाठी इंग्रजी पेपर मागवायला लागला. अग्रलेख कापून घ्यायचा आणि बाकीचा पेपर आईला भाकरी गुंडाळायला द्यायचा, असा आमचा करार. मी ओसरीवर मोठ्याने वाचायला बसलो की आई कोंबड्यांनासुद्धा हाकलून लावायची. बापू, म्हणजे माझे वडील, बैल बांधता बांधता विचारायचे, "काय म्हणून राह्यला पेपर?"

"तूट वाढली."

"कुणाची?"

"सरकारची."

"मंग आपलं काय जातंय त्यात?" म्हणून ते हातपाय धुवायला जायचे.

दोन वर्षं हा अभ्यास चालला. वित्तीय तूट, अनुदान, पक्षांतर, राष्ट्रपती राजवट, सगळ्याचं इंग्रजी मला तोंडपाठ. उशीला काय म्हणतात ते विचारलं असतं तर मात्र अडलो असतो, कारण उशीवर अग्रलेख येत नाही. आणि एक गोष्ट माझ्या लक्षातच आली नाही. अग्रलेख लिहिणारा माणूस कधी खूश नसतो. त्याला सगळंच चिंताजनक वाटतं. दोन वर्षांत मी जे इंग्रजी शिकलो ते फक्त सरकारला झापायचं इंग्रजी होतं.

परीक्षा काही पास झालो नाही. शेवटी जालन्यात मोतीशेठच्या बियाण्याच्या दुकानात जागा आहे असं कळलं. शेठजींचं घराणं राजस्थानातून कैक पिढ्यांपूर्वी आलेलं, बोलणं मात्र आपल्यासारखंच. त्यांना इंग्रजी येणारा माणूस पाहिजे होता. त्यांनी समोरचा पेपर पुढे सरकवला, "वाचून दाखवा." मी सवयीने अग्रलेख काढला आणि न अडखळता शेवटपर्यंत वाचला. शेठजींना त्यातलं एक अक्षर कळलं नाही, म्हणूनच बहुतेक ते फार खूश झाले.

"बस. बराबर. एक महिना काम पाहू, मंग पक्कं करू."

त्या दिवसापासून त्यांनी माझं नावच 'बीए' ठेवलं. घरी बापूंनी सांगून टाकलं, "ह्यो महिना पाहतो. न्हाई जमलं तर गपचूप कापूस वेचायला यायचं. तुझ्या पेपराचा खर्चा लई झाला." त्यांचंही चुकत नव्हतं. माझ्या बरोबरीची पोरं कमवायला लागली होती आणि मी ओसरीवर बसून केंद्र सरकारवर ओरडत होतो. मला ही नोकरी काहीही करून हवी होती.

महिना संपत आला तेव्हा शेठजींनी मला जवळ बसवलं. "बीए, मद्रासकडची कंपनी हाय. नवं कपाशीचं बियाणं काढलंय. त्यांचे राजगोपाल साहेब उद्या येऊन राह्यले. जिल्ह्याची एजन्सी कुणाला द्यायची ते ठरवणार. त्यांना हिंदी येत न्हाई म्हणे. तुम्ही बोलायचं, मी फक्त हसायचं. साहेब खूश झाले की एजन्सी आपली आणि तुमची नोकरी पक्की."

दुसऱ्या दिवशी मी इस्त्रीचा शर्ट घालून जालना स्टेशनवर हजर. साहेब उतरले. गोरेगोमटे, चष्मेवाले, अगदी सालस माणूस. हात पुढे करून म्हणाले, "हाऊ आर यू?"

आता गंमत बघा. दोन वर्षांत एकाही अग्रलेखात कोणी कोणाला 'कसे आहात' असं विचारलेलं नव्हतं. प्रकृतीचा विषय निघायचा तो देशाच्याच, आणि ती कायम बिघडलेली. माझ्या तोंडून तेच आलं, "सर, द सिच्युएशन इज ग्रिम." म्हणजे परिस्थिती गंभीर आहे.

साहेबांचा हात माझ्या हातातच राहिला. "व्हॉट हॅपन्ड?"

त्या वाक्यानंतर पेपरात जे वाक्य यायचं ते मी पुढे जोडलं, "देअर इज नो रूम फॉर कॉम्प्लेसन्सी." गाफील राहून चालणार नाही. साहेबांनी वाकून आपली बॅग जवळ ओढून घेतली.

रिक्षात ते बॅग छातीशी धरून बसले. मला वाटलं, प्रवासाने दमले असतील. जरा वेळाने त्यांनी हळूच विचारलं, शेठजी माणूस कसा आहे? ही माझी संधी होती. शेठजींचं तोंड भरून कौतुक करायचं. पण अग्रलेखात कौतुक असतं कुठे? आठवून आठवून एकच वाक्य सापडलं, तेही अर्थसंकल्पाच्या दिवसाचं. मी म्हणालो, "फॉर वन्स, सर, ही हॅज शोन पोलिटिकल विल." निदान या खेपेला तरी त्यांनी राजकीय इच्छाशक्ती दाखवली आहे. साहेबांनी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा घातला.

दुकानात त्यांनी विचारलं, आमच्या बियाण्याबद्दल शेतकरी काय म्हणतात? लोक वाट पाहतायत, एवढंच मला सांगायचं होतं. सांगितलं ते असं, की जनतेच्या सहनशक्तीचा अंत झाला आहे आणि आता पोकळ आश्वासनांनी कोणाचं समाधान होणार नाही. साहेब कपाळ टिपायला लागले. शेठजी बाजूला बसून ठरल्याप्रमाणे हसत होते. त्यामुळे साहेबांना तर जास्तच भीती वाटली असणार.

आत पाणी आणायला गेलो तेव्हा शेठजी माझ्या मागे आले. "वा बीए. साहेब किती ध्यान देऊन ऐकून राह्यले. असंच चालू ठेवा."

खरं सांगतो, माझी छाती फुगली. दोन वर्षांच्या अभ्यासाचं चीज झालं असं वाटलं. चालू ठेवलं.

दुपारी शेठजींच्या घरी जेवण. दाल-बाटी, चुरमा. भाभींनी, म्हणजे शेठाणींनी, सकाळपासून खपून केलेलं. पाटावर साहेब, बाजूला शेठजी, समोर मी. अशा घरात पाहुण्याने नको म्हटल्यावर खरा आग्रह सुरू होतो, हे तुम्हाला माहीत आहेच. साहेबांनी एक बाटी खाल्ली आणि ताटावर हात आडवा धरला. भाभी तुपात बुडवलेली बाटी घेऊन उभ्या.

"बीए भैया, सांगा त्यांना. एवढ्याशानं काय होतंय?"

मी साहेबांकडे वळलो. आग्रहाचं इंग्रजी माझ्याकडे नव्हतं. पण मागणीचं भरपूर होतं.

"सर, युअर स्टँड इज टोटली अनअ‍ॅक्सेप्टेबल." तुमची भूमिका मुळीच मान्य नाही.

साहेबांनी हात काढला. बाटी पडली. त्यांनी ती खाल्ली.

भाभी खूश झाल्या, दुसरी घेऊन आल्या. साहेब काकुळतीने म्हणाले, प्लीज, नो. शेठजींनी मला डोळ्याने खूण केली. मी आवाज चढवला. ही टाळाटाळ आम्ही गंभीरपणे घेत आहोत, असं सांगितलं. साहेबांनी तीही खाल्ली, जवळजवळ न चावता. मग चुरमा आला. त्यांनी दोन्ही हात जोडले. मी अग्रलेखाच्या शेवटी असायचं ते ठेवणीतलं वाक्य बाहेर काढलं, "सर, हिस्टरी विल नॉट फर्गिव्ह यू." इतिहास तुम्हाला क्षमा करणार नाही.

साहेब ताटावरून उठलेच. घामाने शर्ट भिजलेला, मिशीला तूप. शेठजींपुढे हात जोडून चक्क हिंदीत म्हणाले, "सेठजी, हमारा कंपनी से क्या गलती हो गया?"

शेठजींचं हसणं तिथल्या तिथे विझलं. "गलती? कैसी गलती?"

"ये साहब सुबह से गुस्सा करता है. स्टेशन से गुस्सा करता है. हम बहुत खाया. और नहीं खा सकता."

म्हणजे त्यांना हिंदी येत होती, मोडकीतोडकी. ती बोलायची लाज वाटत होती म्हणून इंग्रजीच बोलत होते. तसली लाज मला माझ्या इंग्रजीची वाटली असती तर किती बरं झालं असतं.

शेठजी माझ्याकडे वळले. "बीए, तुम्ही काय बोलून राह्यले सकाळपासून?"

मी खाली मान घालून सगळं मराठीत सांगितलं. परिस्थिती गंभीर, गाफील राहू नका, राजकीय इच्छाशक्ती, जनतेची सहनशक्ती. एकेक वाक्य सांगताना मलाच कळत गेलं, की मी पाहुण्याला स्टेशनवर उतरल्यापासून धमकावत होतो.

"आणि बाटीला?"

"भूमिका अमान्य."

"चुरम्याला?"

"इतिहास क्षमा करणार न्हाई."

भाभी पदर तोंडाला लावून आत पळाल्या आणि आतून भांडी पडल्याचा आवाज आला. मला तिथून उठून थेट बदनापूरला चालत जावंसं वाटत होतं. डोळ्यांसमोर कापसाचं शेत आणि शेताच्या बांधावर बापू.

राजगोपाल साहेबांना शेठजींनी हिंदीत सगळं उलगडून सांगितलं. साहेबांनी मला विचारलं, "व्हेअर डिड यू लर्न?"

"एडिटोरियल, सर," मी म्हणालो. दिवसभरातलं माझं पहिलं बरोबर उत्तर.

साहेब हसायला लागले ते थांबेचनात. भरल्या पोटाने हसणं त्यांना जड जात होतं. मग ते आणि शेठजी मोडक्या हिंदीत गप्पा मारत बसले, आणि एजन्सीचं तिथल्या तिथे ठरलं. मी दोघांना ताक वाढत होतो. त्यासाठी इंग्रजी लागलं नाही.

संध्याकाळी साहेबांना गाडीत बसवून आल्यावर मी शेठजींना म्हणालो, "उद्यापासून येत न्हाई मी."

"का? साहेब तर खूश होऊन गेले."

"माझ्यामुळं न्हाई गेले."

शेठजी गल्ल्यावर टेकून बसले. "हे पहा बीए. टेलिफोन महिनाभर बंद पडून हाय. लाईटवाले ऐकत न्हाईत. रेल्वेतून आलेल्या मालाची पोती फाटलेली असतात. त्यांच्याशी तुमच्या इंग्रजीत बोला. बिलकुल सोडू नका. नोकरी पक्की."

आणि ते जमलं मला. टेलिफोन आठवड्यात सुरू झाला. माझ्या अर्जात इतिहासाच्या क्षमेचा विषय होता. टेलिफोनचा लाईनमन सायकलवरून स्वतः आला आणि हा अर्ज लिहिणारे साहेब कुठे बसतात ते विचारायला लागला.

फक्त कोणत्याही कंपनीचे पाहुणे यायचे असले की आदल्या संध्याकाळी शेठजी न चुकता म्हणायचे, "बीए, उद्या तुमची सुट्टी. पगार चालू." मी दुकानात होतो तोवर ही पद्धत मोडली नाही. कामाच्या दिवशी मी असा घरी दिसायला लागलो तेव्हा शेजारणी आईला विचारायच्या, नोकरी गेली की काय? मी आत अग्रलेख वाचत पडलेला असायचो. आई ओसरीवरून सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगायची, "जाईल कशाला? मोठाले साहेब आले की शेठ त्याला घरीच बसवतो. माझ्या लेकाचं इंग्रजी साहेबांना झेपत न्हाई."

यात माउली एक अक्षरही खोटं बोलत नव्हती.