‘बरा आहे’ एवढंच

गेलं वर्षभर मी इथे अमेरिकेत, बेलव्ह्यूच्या काचेच्या कॉन्फरन्स रूम्समध्ये पैसे मागत फिरले. डोकं पिकलं नुसतं! कंपनी आम्हा दोघांची: मी पुण्याची, पार्टनर नागपूरचा. डेंटिस्टच्या अपॉइंटमेंट सांभाळणारं सॉफ्टवेअर, आणि ते सगळं त्याने एकट्याने लिहिलेलं. त्याचा व्हिसाही कंपनीवरच. गुंतवणूक आली नाही तर कंपनी बंद, आणि दोन महिन्यांत दुसरी नोकरी मिळाली नाही तर त्याला बायको-मुलीसकट परत जावं लागणार.

आणि ही गुंतवणूकदार मंडळी! एक जण सरळ ‘नाही’ म्हणेल तर शपथ. "लव्ह इट! फक्त मार्केट जरा सुधारू दे." कधी सुधारणार ते? जानेवारीत म्हणे उन्हाळ्यात, उन्हाळ्यात म्हणे थँक्सगिव्हिंगनंतर. एआयवाल्यांना मात्र धड कल्पना सुचायच्या आत चेक मिळत होते.

शेवटी एक बाई खरंच तयार होत आल्या. तिसरी मीटिंग, डेमो झकास झालेला, पार्टनर माझ्या शेजारीच बसलेला. बाईंनी मला विचारलं, "तुमचा इंजिनिअर कसा आहे?"

आता, आमच्या घरात तोंडावर कौतुक करत नाहीत. मी बोर्डात आले तेव्हा बाबा मला "ठीक आहे" म्हणाले आणि शेजारच्या काकांना तासभर माझे मार्क सांगत बसले. त्याच वळणाने मी हसून म्हणाले, "ही इज फाइन." वर "चुका करतो, पण शिकतो," हेही जोडलं. मूर्ख कुठली!

आठवड्याने बाईंचं मेल आलं. तुमच्या टीमबद्दल तुम्हालाच खात्री दिसत नाही, म्हणे. वर्षभरातला पहिला सरळ नकार, तोही मीच ओढवून घेतलेला. मी रडकुंडीला आले. उलट पार्टनरच मला समजावत होता, "जाऊ दे ना यार. तू फाइन म्हटलं, मी तर मनातल्या मनात खूश होऊन राहिलो होतो."

कंपनी बंद झाली, आणि त्याला दुसरी नोकरी मिळाली नाही. एअरपोर्टवर मुलगी ट्रॉलीवर बसून "व्हेन आर वी कमिंग बॅक?" विचारत होती. तो माझ्याकडे वळून म्हणाला, "आता तरी सांग यार, कसा इंजिनिअर होतो मी?"

त्याच्यासारखा इंजिनिअर मी दुसरा पाहिलेला नाही. अगदी ओठांवर आलं होतं.

"बॅगा वजनात बसल्या ना?" मी विचारलं.