तिसरा संतरी

काश्मीरच्या उत्तरेला आमची पोस्ट दहा हजार फुटांवर होती. मी हवालदार, सेक्शन कमांडर. हाताखाली नऊ जवान. पोस्टच्या खाली दीडशे मीटरवर, फर आणि भोजपत्राच्या झाडीत, आमची लिसनिंग पोस्ट, म्हणजे एलपी, होती. नाव भारदस्त, पण प्रत्यक्षात दोन माणसं जेमतेम मावतील एवढा खड्डा. तिथे बसून बघायचं कमी, ऐकायचं जास्त. सोबत एक फील्ड टेलिफोन. संशयास्पद काही ऐकू आलं की हँडल फिरवायचं आणि मला कळवायचं.

त्या खड्ड्यात सगळ्यात जास्त ड्युटी लान्स नाईक रोहिदासची लागायची. कारण साधं होतं. त्याच्यासारखे कान आमच्या कंपनीत कुणाचे नव्हते. तो नवी मुंबईतल्या करावे गावचा. बाप खाडीत मासेमारी करणारा. तिवरांच्या गचपणात कोल्हा शिरला की चिखलावरचे पक्षी कसे ओरडतात, माणूस शिरला की कसे ओरडतात, हे बापाने त्याला लहानपणीच शिकवलं होतं. मी खटावच्या माळावरचा. मला कोंबडा आणि कावळा एवढेच पक्षी आवाजावरून कळायचे.

जून महिन्यात लिसनिंग पोस्टपासून एक क्रॉल ट्रेंच, सरपटत जायचा चर, पुढे न्यायची ऑर्डर आली. दुसऱ्या दिवशी रोहिदासने माझा हात धरला.

"उस्ताद, हितं नको खनू. घरटा हाय."

मला काही दिसेना. त्याने बोटाने दाखवलं. बांधाच्या पोटात, मुळांच्या खाली, शेवाळाचा एक गोळा. बाजूला अंगठा जाईल एवढं भोक. आत चार पांढरी अंडी. पक्षी वर फांदीवर, हिरवट-राखाडी, डोळ्यावर फिक्या भुवईची रेघ, पंखावर एक बारीक पट्टा. माझ्या मुठीत दोन मावले असते.

मी तापट माणूस. ट्रेंच कंपनी कमांडरच्या नकाशावर आखलेली होती. पण त्या दिवशी काय वाटलं कोण जाणे, मी ट्रेंच चार हात डावीकडून काढली. दगड लागला म्हणून कळवलं. खोटं तसं ते पहिलं.

आठवड्याभरात त्या जोडीला आमची सवय झाली. आम्ही सरपटत बाजूने गेलो तरी मादी अंड्यांवरून उठत नसे. पण अनोळखी काही आलं की नर थांबायचा नाही. 'चि-वी, चि-वी, चि-वी', फांदीवरून फांदीवर. रोहिदास म्हणायचा, "उस्ताद, आपल्या एलपीत दोन संतरी लिवता ना? तीन लिवा."

जवानांना हे आवडलं. चहा घेताना कुणीही विचारायचं, तिसरा संतरी काय म्हणतो.

फौजेत एक जुनी रीत आहे, स्टँड-टू. पहाट फुटायच्या आधी सगळ्यांनी हत्यार घेऊन आपापल्या मोर्च्यात उभं राहायचं, कारण हल्ला बहुधा त्याच वेळी होतो. उजाडलं की स्टँड-डाऊन, मग चहा. महिनाअखेरीस अंडी फुटली, पिल्लं आली, आणि नराचा आरडाओरडा वाढला. लागोपाठ तीन सकाळी रोहिदासने फोन केला. "पक्षी वरडतोय उस्ताद, कोन तरी हाय." तिन्ही वेळा मी स्टँड-डाऊन झालेल्या सेक्शनला परत मोर्च्यात उभं केलं. तिन्ही वेळा निघालं काय, तर एक लांबुडकं तपकिरी जनावर, मुंगसाच्या जातीचं, पिल्लांच्या वासाने आलेलं. रात्रभर गस्त घालून आलेले जवान माझ्याकडे बघून हसू दाबायला लागले. मला ते झोंबलं.

तिसऱ्या सकाळी मी रोहिदासला वर बोलावलं आणि सगळ्यांसमोर झापलं.

"फौजी आहेस की पोपटवाला? यापुढे पक्ष्याचा रिपोर्ट नको. डोळ्यांनी दिसेल तेवढंच कळवायचं. समजलं?"

"समजलं उस्ताद."

चौथ्या सकाळी सव्वापाचला स्टँड-डाऊन झालं. रोहिदासचा जोडीदार चहा न्यायला वर आला होता, म्हणून खाली तो एकटा होता. पाच चाळीसला फोन वाजला.

"उस्ताद, पक्षी..."

"दिसलं का काही?"

"नाय. पन ह्यो आवाज त्या दिसाचा नाय. येगला हाय."

"दिसल्यावर फोन कर."

मग तो म्हणाला, "ठीक हाय उस्ताद."

मी रिसीव्हर ठेवला आणि चहा प्यायलो. ते घोट मला आजही आठवतात.

पाच सत्तेचाळीसला खालून दोन गोळ्या झाल्या. आमच्या रायफलच्या. पाठोपाठ एके-४७ चा लांब बर्स्ट. मी "स्टँड टू" ओरडलो तेव्हा अर्धे जवान आधीच धावत होते. रेडिओ माझ्या हातात होता; त्यावर मी टू, कंपनी कमांडर वन.

"टू फॉर वन. कॉन्टॅक्ट. लिसनिंग पोस्टच्या पुढे. ओव्हर."

"वन. किती जण? ओव्हर."

"टू. तीन किंवा चार. माझा एक जवान बाहेर आहे. ओव्हर."

"वन. त्याच्यापर्यंत पोचा. आउट."

चाळीस मिनिटांत सगळं संपलं. ते चार जण होते. दोन पडले, दोन नाल्यातून उतरून पळाले. त्या दोन गोळ्यांनी आम्ही सावध झालो नसतो, तर आमच्या हातात चहाचे मग असतानाच ते येऊन आदळले असते.

रोहिदास एलपीपासून वीस पावलं पुढे पडला होता. मी दिसल्यावर फोन कर म्हणालो होतो. म्हणून तो दिसतंय का ते बघायला बाहेर पडला होता. आम्ही त्याला ग्राउंडशीटमध्ये घेऊन ट्रेंचच्या बाजूने वर आणलं. घरट्यापासून चार हातांवरून गेलो. पक्षी गप्प होता, कारण आमची त्याला सवय होती.

संध्याकाळी मी रिपोर्ट लिहिला. 'लान्स नाईक रोहिदास धोका ओळखून स्वतःहून पुढे गेला.' त्यातला एकही शब्द खोटा नाही. पाच चाळीसचा फोन मात्र मी लिहिला नाही. त्या रिपोर्टवरून त्याला मरणोत्तर पदक मिळालं. करावे गावात त्याच्या नावाची पाटी लागली.

मी नायब सुभेदार म्हणून निवृत्त झालो. बायको त्याआधीच गेली होती, मुलगी पुण्यात. नवी मुंबईच्या टोकाला, द्रोणागिरीच्या एका गोदामात सिक्युरिटी सुपरवायझरची नोकरी मिळाली. राहायला मी करावे गावात खोली घेतली. कामावर रोजची लांबची जा-ये होते, लोक विचारतात इथेच का. मी सांगतो, हवा चांगली आहे. खरं कारण दोन घरं सोडून राहतं. जोमाकाका, रोहिदासचे वडील. तेही एकटेच. मी त्यांच्या मुलाचा हवालदार होतो, एवढंच त्यांना ठाऊक होतं.

पहिल्याच वर्षी ऑक्टोबरात मी त्यांच्या अंगणात बसलो होतो. अंगणातल्या करंजावरून आवाज आला. 'चि-वी.' मी कप खाली ठेवला. काकांना वाटलं, चहा जास्त गरम आहे.

पाणथळीवर दुर्बीण घेऊन येणाऱ्या एका बाईंनी मला नाव सांगितलं, हिरवट वटवट्या. त्यांच्याकडूनच बाकीचं कळलं. घरटं एकटी मादी बांधते. उन्हाळ्यात हिमालयात जोडीने राहतात, थंडी पडायच्या आधी खाली येतात. वजन सात-आठ ग्रॅम. एके-४७ च्या काडतुसातली नुसती गोळी तेवढीच भरते. एवढ्याशा अंगाने तो सगळा देश ओलांडून येतो, आणि इथे आल्यावर मात्र एकटा राहतो. एक झाड, फार तर दोन, धरून ठेवतो. दुसरा आला की हाकलतो. एप्रिलपर्यंत दिवसभर पानांखालचे किडे टिपत फिरतो आणि मी इथे आहे, मी इथे आहे, एवढंच सांगत राहतो. बाईंनी हे सांगितलं तेव्हा मला त्याचा हेवा वाटला, कारण मला तेवढंही कुणाला सांगता येत नव्हतं.

पाच हिवाळे मी त्या अंगणात बसलो. दर वेळी ठरवून जायचो, आज सांगायचं. दर वेळी मासे, भरती-ओहोटी, गुडघे यावर बोलून परत यायचो. शत्रूसमोर जायला मी कधी कचरलो नाही. त्या म्हाताऱ्यासमोर मात्र कचरायचो.

गेल्या हिवाळ्यात एका रविवारी सकाळी काका पागाचं, हाताने फेकायचं जाळं दुरुस्त करत बसले होते. आपणहून म्हणाले, "हवालदार, येक इचारू? मी त्याला आयकाला शिकवला. मंग तो फसला कसा? मना वाटतं, मीच काय तरी उना शिकवला."

वीस वर्षं हा माणूस स्वतःला दोष देत होता. मी सगळं सांगितलं. ट्रेंच, तिसरा संतरी, तीन सकाळी, माझी ऑर्डर, पाच चाळीसचा फोन. रिपोर्ट देतात तसं, वेळेसकट.

त्यांची सुई थांबली.

"म्हंजे त्यानं आयकलता."

"ऐकलं होतं काका. बरोबर ऐकलं होतं. मी ऐकलं नाही."

ते उठले, जाळं तसंच टाकून आत गेले आणि दार लावलं. पंधरा दिवस माझ्याशी एक शब्द बोलले नाहीत. मी रोज दारावरून जायचो. वटवट्या करंजावर बोलत असायचा. त्या पंधरा दिवसांसारखं एकटेपण मी पोस्टवरच्या बर्फातही पाहिलं नव्हतं.

सोळाव्या सकाळी त्यांनी हाक मारली. "बस." मी बसलो. ते जाळ्याकडेच बघत होते.

"माफ बीफ मना जमनार नाय."

"नको काका."

"पन पोऱ्या माजा चुकला नाय. ह्या सांगितलास, बरा केलास."

मग करंजावर वटवट्या एकदम सुरू झाला. 'चि-वी, चि-वी, चि-वी', न थांबता, फांदीवरून फांदीवर. रोजचा नव्हता तो आवाज. काकांनी मान वर केली.

"वरडला. कोन आला, बग जा."

मी उठलो आणि बघायला गेलो. झाडाच्या मागे, कुंपणाला लागून, एक बोका दबा धरून बसला होता. मी त्याला हाकललं, परत आलो आणि काकांसमोर उभा राहिलो.

"बोका होता काका. गेला."

"बरा," काका म्हणाले आणि त्यांनी सुई हातात घेतली.

आता ऑक्टोबर ते एप्रिल, सुट्टीच्या सकाळी माझी ड्युटी तिथेच असते. वटवट्या ओरडला की मी उठतो. बहुतेक वेळा मांजर असतं, कधी भारद्वाज, कधी काहीच नसतं. दर वेळी जाऊन बघतो, येऊन कळवतो. शिवाय रेकॉर्ड ऑफिसला मी एक पत्र धाडलं आहे. उत्तर आलेलं नाही, कदाचित येणारही नाही. त्यात एवढंच लिहिलं आहे: लान्स नाईक रोहिदास जोमा, राहणार करावे. सकाळी पाच चाळीस वाजता त्याने धोक्याची खबर फोनवर दिली होती. ती मी घेतली नाही.